क्रोन्समध्ये आतडं निकामी होतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागातले क्रोन्सचे (आतड्याला परत परत सूज आणि जखमा होण्याच्या आजाराचे) रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारी घरची माणसं यांच्यासाठी ही माहिती आहे. एक-दोन शस्त्रक्रियांत बरंच आतडं काढावं लागलेलं असतं, पोटावर आतड्यातला द्रव गोळा करणारी पिशवी असते, आणि घरी आल्यावर नेमकं काय करायचं हे कुणी बसून सांगितलेलं नसतं. औषधांचे आकडे नेहमी वापरले जातात तेच दिले आहेत. तुमचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आतडं निकामी झालं म्हणजे नेमकं काय झालं?

आतड्याचं काम अन्न आणि पाणी शोषून घेण्याचं. ते इतकं कमी झालं की तोंडाने कितीही घेतलं तरी शरीराची गरज भागत नाही आणि शिरेतून अन्न, पाणी किंवा क्षार द्यावेच लागतात, तर त्याला आतडं निकामी होणं म्हणतात. नुसत्या जुलाबांना किंवा वजन घटण्याला ते नाव देत नाहीत. सलाईनशिवाय भागत नाही, ही त्यातली खूण.

याचे तीन प्रकार आहेत. पहिला, शस्त्रक्रियेनंतर काही दिवस आतडं सुस्त पडतं आणि आपोआप चालू होतं. दुसरा, पोटात पू किंवा फिस्टुला (आतड्याला भोक पडून द्रव बाहेर येण्याची वाट) झाल्यामुळे कित्येक आठवडे-महिने शिरेतून पोषण लागतं. तिसरा दीर्घकाळाचा, काही वेळा जन्मभराचा. क्रोन्समध्ये दुसरा आणि तिसरा जास्त दिसतात, कारण हा आजार परत परत येतो आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत आतड्याचा एखादा तुकडा जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार मोठ्या आतड्यापुरता असतो, म्हणून त्यात हे क्वचितच घडतं.

किती आतडं उरलं असेल तर काळजी करायची?

माणसाचं लहान आतडं साधारण तीन ते आठ मीटर असतं. प्रत्येकाची लांबी वेगळी असल्यामुळे 'दीड मीटर काढलं' या वाक्यातून काहीच कळत नाही. उरलं किती, तेच विचारा. दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर त्याला शॉर्ट बाउल म्हणतात. मोठं आतडं जोडलेलं नाही, लहान आतड्याचं टोक पोटावर काढलं आहे आणि उरलेली लांबी १०० सेंटीमीटरपेक्षा कमी आहे, अशा रुग्णाला बहुधा कायम शिरेतून आधार लागतो. मोठं आतडं जोडलेलं असेल तर ही मर्यादा ५०-६० सेंटीमीटरपर्यंत खाली येते. मोठं आतडं पाणी आणि मीठ परत ओढून घेतं, न पचलेल्या पिठापासून थोडी ऊर्जाही मिळवून देतं.

म्हणून डिस्चार्ज पेपरवर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका: उरलेल्या लहान आतड्याची लांबी, मोठं आतडं किती आहे आणि ते जोडलेलं आहे का, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग शाबूत आहे का. हा शेवटचा भाग ६० सेंटीमीटरपेक्षा जास्त गेला असेल तर बी-१२ शोषलं जात नाही आणि त्याची इंजेक्शनं जन्मभर घ्यावी लागतात. पुढे तुम्ही हुबळीला जा, कोल्हापूरला किंवा पुण्याला, तिथला डॉक्टर आधी या तीनच गोष्टी विचारेल.

सारखी तहान लागते, भरपूर पाणी पितो, तरी लघवी होत नाही आणि पिशवी भरतच राहते. असं का?

घरोघरी होणारी सर्वात मोठी चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर झिरपतं. तिथे साधं पाणी आलं की शरीर आपल्याजवळचं मीठ त्यात सोडतं, त्या द्रवात एका लिटरमागे ९०-१०० मिलीमोल (क्षार मोजायचं एकक) सोडियम होईपर्यंत. पुढे आतडं पूर्ण असतं तर ते मीठ खाली परत शोषलं गेलं असतं. तुमच्या बाबतीत खाली आतडंच नाही, पिशवी आहे. साहजिकच एक ग्लास साधं पाणी पोटात गेलं की शरीरातलं मीठ आणि त्याबरोबर आणखी पाणी बाहेर पडतं. मीठ गेल्यामुळे तहान वाढते, तहान लागली म्हणून माणूस आणखी पाणी पितो, आणि पिशवी आणखी भरते. घरचे मायेने तांब्या पुढे करत राहतात आणि माणूस कोरडा पडत जातो.

पिशवीतून दिवसाला दीड ते दोन लिटरपेक्षा जास्त जात असेल तर साधं पाणी, चहा, कॉफी, सरबत, शहाळं हे सगळं मिळून दिवसाला अर्धा लिटर, फार तर एक लिटर. उरलेली तहान मीठ-ग्लुकोजच्या द्रावणाने भागवायची. पहिले दोन-तीन दिवस जड जातात. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरा, ओठांना तूप लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पिशवी कमी भरू लागते आणि तहानही उतरते.

शरीरात मीठ पुरेसं आहे की नाही, हे लघवीतल्या सोडियमच्या साध्या तपासणीतून कळतं. आकडा लिटरमागे २० मिलीमोलच्या खाली असेल तर रक्तातलं सोडियम ठीक दिसत असलं तरी शरीर कोरडं आहे असं समजायचं. ही तपासणी स्वस्त आहे, पण मागितल्याशिवाय सहसा लिहून दिली जात नाही. आपण होऊन विचारा.

द्रावण घरी कसं करायचं?

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात:

ग्लुकोज पावडर २० ग्रॅम
मीठ ३.५ ग्रॅम
खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम

लिटरमागे साधारण ९० मिलीमोल सोडियम देणारं हे द्रावण आहे. चमच्याने मोजू नका. घरातला एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो आणि बारीक मीठ चमच्यात जास्त मावतं. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आठवड्याच्या सात पुड्या एकदम करून कोरड्या डब्यात ठेवल्या की रोजची कटकट मिटते. ग्लुकोज पावडर साधी घ्या, संत्र्याच्या स्वादाची नको. सोडा किराणा दुकानातला खाण्याचाच. धुण्याचा सोडा वेगळा असतो आणि तो पोटात जाता कामा नये. डब्यावर नाव लिहून ठेवा, कारण दोन्ही पांढरेच दिसतात.

द्रावण फ्रिजमध्ये गार करून, लिंबाचे चार थेंब टाकून घोट घोट प्यायचं. एकदम ग्लासभर ओतलं तर ते तसंच बाहेर येतं. बर्फ घालू नका, तो वितळला की द्रावण पातळ होतं. चोवीस तासांनंतर उरलेलं ओतून द्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

मेडिकलमधली ओआरएसची पुडी चालत नाही का?

चालते, पण थोडी कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत लिटरमागे ७५ मिलीमोल सोडियम असतं. ती साध्या जुलाबांसाठी बेतलेली आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर एक लिटरच्या पुडीत १ ग्रॅम मीठ वाढवलं की सोडियम ९० च्या वर जातं. पुडी २०० मिलीची आहे की एक लिटरची, ते आधी वाचा. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर ते साधं पाणीच झालं.

डब्यात मिळणारी गोड, फळांच्या चवीची तयार पेयं ओआरएस समजून घेऊ नका. त्यात साखर भरमसाट आणि मीठ नावापुरतं असतं. जास्त साखरेमुळे पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरीही दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी मागून घ्या.

ताक, पेज, शहाळं, उसाचा रस?

पेज उत्तम. तांदळाच्या पिठूळ पाण्यातून ग्लुकोज हळूहळू सुटतं आणि ते मीठ आत ओढून नेतं. २०० मिलीच्या पेल्यात १ ग्रॅम मीठ घातलं की तिचा खारटपणा द्रावणाजवळ येतो. ताकाचंही तसंच, पण चिमूटभर मिठाने भागत नाही, मोजून घाला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी, म्हणून ते मर्यादेतल्या अर्ध्या लिटरातच धरायचं. उसाचा रस आणि बाटलीतली थंड पेयं बंद. चहा दिवसातून एक-दोन कप, जेवणाबरोबर नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास काहीच प्यायचं नाही. नाहीतर घास पातळ होऊन वेगाने पुढे सरकतो.

रोज काय काय मोजायचं?

एक वही घाला. रोजच्या पानावर चार आकडे पुरेत: पिशवीतून किती गेलं, लघवी किती झाली, तोंडाने किती आणि काय प्यायलं, सकाळचं वजन. मापाची दोन वेगळी भांडी ठेवा आणि त्यांवर खुणा करा. वजन रोज एकाच वेळी, लघवीनंतर, एकाच काट्यावर.

लघवी दिवसाला ८०० मिलीच्या वर राहिली पाहिजे, लिटरभर झाली तर उत्तम. दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन उतरलं तर गेलं ते पाणी, चरबी इतक्या लवकर जात नाही. लघवी ५०० मिलीच्या खाली गेली, पिशवीत दोन लिटरच्या वर आलं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दवाखाना. 'उद्या बघू' म्हणण्यात मूत्रपिंडं जातात. हळूहळू कोरडं राहूनही ती खराब होतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) नियमित तपासा.

पिशवीभोवतीची कातडी सोलते. काय करावं?

लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवात पाचकरस असतात, ते कातडीच पचवायला लागतात. पिशवीचं भोक स्टोमाच्या (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) मापापेक्षा २-३ मिलीमीटरच मोठं कापा. पहिले दोन महिने स्टोमा आकसत जातो, तेव्हा दर आठवड्याला माप नव्याने घ्या. एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनाने ओढली की कडा सुटते. दुकानात सगळ्याच पिशव्यांना कोलोस्टोमी बॅग म्हणतात. तुम्हाला तळाला उघडणारी आणि चिमटा लावता येणारी हवी.

औषधांनी पिशवी कमी होते का?

होते. लोपेरामाइड आतड्याची गती मंदावतं. जेवणाआधी अर्धा ते एक तास, दिवसातून चार वेळा, सुरुवातीला २ ते ४ मिलीग्रॅम. जेवल्यानंतर घेतलं तर उपयोग कमी होतो. शॉर्ट बाउलमध्ये तज्ज्ञ डॉक्टर नेहमीपेक्षा मोठा डोस देतात, पण तो आपल्या मनाने वाढवू नका, हृदयाचे ठोके बिघडतात. ईसीजी काढूनच वाढवायचा. पोटात अडथळा असेल, फुगलं असेल, तर हे औषध घ्यायचं नाही.

दोन लिटरच्या वर जात असेल तर ओमेप्राझोल ४० मिलीग्रॅम एकदा किंवा दोनदा देतात, कारण आतडं कापल्यावर जठरातलं आम्ल वाढतं आणि तेच पिशवीत येतं. त्यानेही भागलं नाही तर कोडीन, आणि शेवटी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांनी तपासा. गोळी किंवा कॅप्सूल पिशवीत जशीच्या तशी पडलेली दिसली तर ती शोषली गेलेली नाही. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वरून जाड लेप असलेल्या गोळ्या शॉर्ट बाउलमध्ये बऱ्याचदा वाया जातात. गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइडची गोळी, फिटचं औषध घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावं.

जेवणात काय असावं?

मोठं आतडं जोडलेलं आहे की नाही, यावर उत्तर उलटं होतं. त्यामुळे शेजारच्या रुग्णाचा आहार उचलू नका.

जोडलेलं नसेल तर तेल-तूप तोडायची गरज नाही. भात, ज्वारीची मऊ भाकरी, अंडी, मासे, दही, वरून तूप. मीठ सढळ हाताने. भूक लागेल तितकं, दिवसातून सहा वेळा. शोषण निम्मं असेल तर खाणं दीडपट-दुप्पट लागतं, त्याला खादाडपणा समजू नका. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर मात्र शेवग्याचा चोथा, कच्चा कांदा, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडी, सुकं खोबरं वर्ज्य, ते अडकतात.

मोठं आतडं जोडलेलं असेल तर भात-भाकरी जास्त आणि तळकट कमी. न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून बसते, त्यामुळे खाण्यातलं ऑक्झलेट मोकळं राहतं, मोठ्या आतड्यातून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे करतं. आपल्याकडे याचा विशेष विचार करावा लागतो, कारण आपली आवडती पदार्थमाला ऑक्झलेटने भरलेली आहे: पालक, अळूचं फतफतं, शेंगदाण्याची चटणी, तीळ, बेळगावची रताळी, खानापूर-चंदगडकडचे काजू, बीट, कडक चहा. अजिबात नको असं नाही, पण रोज नको, आणि खाल्लं तर त्याच जेवणात दही घ्या. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं.

उपास करता येतो का?

पिशवी जास्त वाहणाऱ्याने निर्जळी किंवा दिवसभर कोरडा उपास करू नये. उपासाचं खाणंही बघा: साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाणे, सोबत रताळं, राजगिऱ्याचा लाडू. मोठं आतडं असलेल्याला एका ताटात एवढं ऑक्झलेट एरवी कुठे मिळत नाही. वरीचा भात आणि मीठ घातलेलं ताक घ्या. द्रावण औषध आहे, त्याने उपास मोडत नाही असं घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

रात्री पायात गोळे येतात, हातांना मुंग्या येतात. कॅल्शियम घेऊ का?

आधी मॅग्नेशियम तपासा. पिशवीतून ते सतत जातं, आणि ते कमी असताना कॅल्शियम व पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. आधी पाणी आणि मीठ सुधारायचं, मग मॅग्नेशियम, मग बाकीचं, हा क्रम महत्त्वाचा आहे. गोळी रात्री झोपताना घेतात, कारण तेव्हा आतडं संथ असतं. काहींना त्यानेच पिशवी वाढते, मग ते शिरेतून द्यावं लागतं. जखम भरत नसेल, चव गेली असेल, तोंडाभोवती पुरळ आलं असेल तर जस्त तपासा. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता विसरू नका, विशेषतः स्टेरॉइड घेतलेल्यांनी.

जेवल्यावर माणूस झोकांड्या खातो, बोलणं जड होतं. दारू तर प्यायलेली नाही.

मोठं आतडं असलेल्या शॉर्ट बाउलच्या रुग्णात साखर किंवा पीठ जास्त झालं की जंतू त्याचं डी-लॅक्टिक आम्ल करतात आणि ते मेंदूवर चढतं. लग्नात कुंदा, जिलेबी भरपूर खाल्ली की असं होऊ शकतं. गोड थांबवून रुग्णालयात न्या आणि 'शॉर्ट बाउल आहे' हे सांगा. लॅक्टेटच्या नेहमीच्या तपासणीत हे आम्ल दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरी पाठवलं जाऊ शकतं.

टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पूर्ण पोषण) कधी लागतं, आणि ते घरी घेता येतं का?

तोंडाने आणि नाकातून घातलेल्या नळीने जमेल तेवढं करून झाल्यावरच. काहींना पूर्ण टीपीएन लागत नाही, आठवड्यातून तीन-चार रात्री मॅग्नेशियम घातलेली सलाईन पुरते. पूर्ण टीपीएनची पिशवी तीन कप्प्यांची असते: ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि स्निग्ध. त्यात जीवनसत्त्वं आणि सूक्ष्म क्षार वेगळे घालावे लागतात. ते घातल्याची खात्री करून घ्या. थायमिन राहून गेलं तर नुसत्या ग्लुकोजने मेंदू आणि हृदयाला इजा होते.

फार खंगलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पोषण देत नाहीत. उपाशी शरीरात एकदम ग्लुकोज गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळतं आणि हृदय थांबू शकतं. म्हणून आधी थायमिन, मग किलोमागे सुमारे १० कॅलरी, धोका जास्त असेल तर ५ पासून, आणि रोज रक्त तपासून वाढवत जायचं. 'माणूस इतका खंगलाय, पटापट द्या की' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

घरी टीपीएन घेता येतं, पण आपल्या देशात त्याची सोय मोजक्याच केंद्रांत आहे आणि खर्च बहुतेकदा स्वतःच्या खिशातून होतो. छातीच्या कातडीखालून बोगदा करून मोठ्या शिरेत बसवलेली नळी लागते, पिशवी रात्री १२-१४ तासांत जाते, दिवस मोकळा राहतो. शेवटचा अर्धा-एक तास वेग निम्मा करायचा, नाहीतर साखर खाली येते.

नळीला जंतू लागू नयेत म्हणून काय करायचं?

टीपीएनवरचा माणूस आतड्यापेक्षा नळीच्या संसर्गाने जास्त वेळा रुग्णालयात जातो. घरातल्या दोनच माणसांनी हे काम शिकावं. पंखा बंद, खिडकी बंद, टेबल अल्कोहोलने पुसलेलं. साबणाने ४०-६० सेकंद हात धुवायचे. क्लोरहेक्सिडिन २ टक्के आणि अल्कोहोल ७० टक्के असलेल्या पुसणीने जोडाचं टोक किमान १५ सेकंद घासायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. फुंकर मारून सुकवायचं नाही. सुकतानाच जंतू मरतात. मग १० मिलीच्याच सिरिंजने सलाईन ढकलायचं. लहान सिरिंजचा दाब जास्त असतो, नळी फाटते. शेवटी टॉरोलिडीनचं लॉक (नळीत भरून ठेवायचं जंतुनाशक द्रावण) मिळत असेल तर ते घालायचं. नळीतून एरवी रक्त काढू द्यायचं नाही, दुसरं औषधही नाही.

टीपीएनची पिशवी लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरून ताप आला तर तो नळीचाच संसर्ग समजा. पिशवी ताबडतोब थांबवा, नळीत काहीही ढकलू नका, रुग्णालय गाठा. प्रतिजैविकं सुरू होण्याआधी नळीतून आणि हातातून, दोन्हीकडून कल्चर (जंतू ओळखण्यासाठी रक्ताचा नमुना) घ्यायला सांगा. गावातल्या दवाखान्यात तापाचं इंजेक्शन घेऊन रात्र काढू नका.

पावसाळ्यात रस्ते बंद होतात, वीज जाते. तयारी काय ठेवायची?

कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस आणि चिकोडी-निपाणीकडे दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्याखाली जाणारे पूल लक्षात घेऊन मृग लागण्याआधी दोन आठवड्यांचा साठा करा: स्टोमा पिशव्या, लोपेरामाइड, द्रावणाच्या पुड्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या सलाईनच्या बाटल्या. मिसळून तयार केलेली टीपीएनची पिशवी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, पिशवी मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, गोठली तर ती टाकून द्यायची. वर पिवळट तेल सुटलेलं दिसलं तरीही टाकून द्यायची. साधी सलाईन पंपाविना द्यायची वेळ आली तर मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब म्हणजे तासाला १२५ मिली होतं. टीपीएन मात्र अशा अंदाजाने सोडू नका.

फिस्टुला झाला आहे. लगेच ऑपरेशन करून बंद का करत नाहीत?

कारण पहिल्या काही महिन्यांत पोटातली आतडी एकमेकांना इतकी चिकटलेली असतात की सोडवताना नवी भोकं पडतात आणि आणखी आतडं जातं. आधी पू काढायचा, मग पोषण सुधारायचं, मग सीटी-एमआरआयने आतड्यांचा नकाशा काढायचा, आणि शेवटी शस्त्रक्रिया, मागच्या ऑपरेशननंतर साधारण सहा महिन्यांनी. हा काळ वाया जात नाही, उरलेलं आतडं त्यातच वाचतं. काहींना वरून येणारा द्रव गोळा करून खालच्या भोकातून परत सोडता येतो, त्याने टीपीएन कमी होतं.

योग्य वेळी मोठं आतडं परत जोडणं हा या सगळ्यातला सर्वात गुणकारी उपाय आहे. पोषणाच्या हिशेबात ते सुमारे अर्धा मीटर लहान आतड्याच्या बरोबरीचं धरतात. शक्य असेल का, हे प्रत्येक भेटीत विचारा. अरुंद झालेला भाग कापण्याऐवजी रुंद करता येईल का, हेही.

आता आतडंच कमी उरलंय, मग क्रोन्सची औषधं कशाला?

उरलेलं वाचवायला. बायोलॉजिक इंजेक्शनं (क्रोन्सची सूज रोखणारी औषधं) शिरेतून किंवा कातडीखाली जातात, त्यामुळे आतड्याच्या लांबीशी त्यांचा संबंध नाही. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी हवीच. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की काहींना आधी टीबीचं औषध देऊन पाहतात.

विडी-सिगारेट पूर्ण बंद. निपाणी भागात तंबाखू घराघरांत आहे, त्यामुळे हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड, याची जाणीव आहे. पण धूम्रपानाने क्रोन्स परत येतो आणि पुन्हा पोट उघडायची वेळ येते. आणि अंगदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. कुठेही इंजेक्शन घेण्याआधी नाव विचारा. पॅरासिटामॉल चालतं.

आतडं वाढवणारं इंजेक्शन आणि आतड्याचं प्रत्यारोपण याबद्दल काय?

टेडुग्लुटाइड हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. रोज कातडीखाली किलोमागे ०.०५ मिलीग्रॅम. मुख्य चाचणीत २४ आठवड्यांनी ६३ टक्के रुग्णांची शिरेतली गरज किमान पाचव्या हिश्शाने घटली, खोटं औषध घेतलेल्यांत ३० टक्क्यांची. किंमत अफाट आहे, आणि कर्करोग किंवा मोठ्या आतड्यात गाठी नाहीत याची आधी खात्री लागते.

टीपीएनने यकृत बिघडू लागलं, नळी घालायला शिरा उरल्या नाहीत किंवा जीवघेणे संसर्ग वारंवार झाले तर प्रत्यारोपणाचा विचार होतो. चेन्नई, कोची, मुंबई, पुणे इथे अशी प्रत्यारोपणं झाली आहेत. कर्नाटकात मृत दात्यांच्या अवयवांचं वाटप 'जीवसार्थकथे' ही संस्था पाहते, पुणे विभागात झेडटीसीसी ही संस्था. यकृत पूर्ण खराब होण्याआधी प्रत्यारोपण केंद्राकडे पाठवलं जायला हवं, त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

सरकारी योजनेत बसतं का?

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, इतरांना पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत मदत मिळते. नियोजित उपचारांसाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल पत्र लागतं. बेळगावात ते जिल्हा रुग्णालयातून, म्हणजे बिम्समधून घ्यावं लागतं. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आणि त्यावरून दोन राज्यांत वाद झाला. म्हणून कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला) फोन करून तुमचं गाव आणि तुमचं रेशनकार्ड चालेल का, ते विचारा. घरचं टीपीएन आणि स्टोमा पिशव्या पॅकेजमध्ये आहेत का, हे स्वतंत्र विचारा.

सौंदत्तीच्या यल्लमाला किंवा पुण्याला लग्नाला जाता येईल का?

पिशवी स्थिर असेल तर जरूर जा. पिशव्यांचा दुप्पट साठा हातातल्या बॅगेत, डिकीत नको, उन्हाने चिकट थर वितळतो. निघण्याआधी पिशवी रिकामी करा, दीड-दोन तासांनी थांबा. लिटरभर द्रावण आणि दोन पुड्या बरोबर घ्या. उन्हाळ्यात घामाने मीठ जातं, तेव्हा अर्धा लिटर जास्त. खिशात एक कार्ड ठेवा, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही भाषांत: आजाराचं नाव, उरलेल्या आतड्याची लांबी, 'तोंडाने साधं पाणी पाजू नका, शिरेतून सलाईन द्या', नळी असेल तर 'छातीतल्या नळीतून रक्त काढू नका', डॉक्टरांचा फोन. वाटेत कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायची वेळ आली तर तिथल्या सिस्टरच्या हातात आधी ते कार्ड द्यायचं.